एसयू कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवण्याआधी

तुमच्या १९६५ च्या एमजीबीवर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, काढून इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा) बसवावं का, असं तुम्ही विचारलंत. बसतं, चालतंही छान. पण तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी (आयडल म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची संथ चाल वरखाली होते, थांबलं की पेट्रोलचा वास येतो, गार इंजिन खेचत नाही) पहिल्या दोन मला झिजलेल्या एसयूच्या वाटतात. कार्ब्युरेटर आहे म्हणून त्या आलेल्या नाहीत. इंजिन बंद करून थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा चिमटीत धरा आणि वरखाली हलवा. खुळखुळला तर तिथूनच फुकटची हवा शिरतेय. वास बहुतेक फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) भरून वाहिल्याचा असतो. आधी हे निस्तरा, कारण इंजिन हवा खात असेल तर इंजेक्शनवरही ते नीट चालणार नाही.

तरीही मन इंजेक्शनवरच असेल, तर पहिला खड्डा या इंजिनच्या हेडमध्येच आहे. चार सिलिंडर, पण हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट पोर्ट दोनच: १-२ चा एक, ३-४ चा एक. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे प्रत्येक पोर्टमधून आधी आतला सिलिंडर ओढतो, क्रँक १८० अंश फिरल्यावर बाहेरचा, आणि मग ५४० अंश सगळं शांत. पोर्टच्या तोंडाशी इंजेक्टर लावून तो सारखा फवारत ठेवला, तर या शांत काळात साचलेलं पेट्रोल आतला सिलिंडर गट्टम करतो. बाहेरचा उपाशी. एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा लॅम्बडा सेन्सर मात्र सरासरी दाखवतो, म्हणजे स्क्रीनवर सगळं आलबेल आणि प्लग काढून पाहावेत तर २-३ काळे, १-४ पांढरे! म्हणून माझं मत: इंजेक्टर व्हॉल्व्हपासून लांब, थ्रॉटल बॉडीतच ठेवा. पेट्रोल हवेत मिसळूनच पोर्टपर्यंत येऊ दे, एसयूत येतं तसं.

पेट्रोलची बाजू लोक हलक्यात घेतात. मूळ पंप जेमतेम ३ पीएसआय दाब देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात, म्हणजे ४३ पीएसआय. जुने होज आणि स्क्रूच्या क्लिपा तिथे टिकत नाहीत. इंजेक्शनसाठीचेच होज घ्या आणि उरलेलं पेट्रोल टाकीत नेणारी परतीची लाइन टाका. माझ्या गाडीत मी पंप थेट टाकीला जोडला होता. टाकी अर्ध्याखाली गेली की लांब वळणावर इंजिन खोकायचं. मी दोन आठवडे वायरिंग चाचपत बसलो. दोष टाकीचा होता: वळणावर पेट्रोल एका कडेला जायचं आणि पंप हवा ओढायचा. कार्ब्युरेटरला हे कळतही नाही, फ्लोट चेंबरमधला साठा तेवढा वेळ भागवतो. शेवटी मध्ये एक छोटी टाकी बसवली. जुना पंप ती भरतो, नवा त्यातून घेतो. पंपाच्या रिलेला इनर्शिया स्विच (धडक बसली की वीज तोडणारा) लावा, आणि इंजिन थांबलं की ईसीयूने (इंजेक्शन चालवणारा संगणक) पंप तोडलाच पाहिजे.

तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली) आणि डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुना जनित्र). ईसीयूला निगेटिव्ह अर्थच हवं, आणि डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. अर्थ बदलून अल्टरनेटर बसवणं हे पहिलं काम, तेही कार्ब्युरेटर असतानाच करून घ्या. ईसीयूचं अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर घ्या, बॉडीच्या गंजक्या बोल्टवर नको.

ट्रिगरसाठी, म्हणजे इंजिन कुठवर फिरलंय हे ईसीयूला कळवायला, डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क वाटणारा भाग) भरवशावर राहू नका, त्याचा दांडाही झिजलेलाच असतो. क्रँक पुलीवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात गाळलेलं) दातेरी चाक लावा, आणि सेन्सरची पट्टी इतकी जाड घ्या की हाताने वाकता कामा नये. ट्युनिंगला वाइडबँड लॅम्बडा (हेच प्रमाण नेमक्या आकड्यात दाखवणारा) हवाच. सावकाश चालवताना एक भाग पेट्रोलला हवा १४.७ भागांच्या आसपास, फुल थ्रॉटलला १२.५ ते १३. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुसफुसत असेल तर सेन्सर खोटंच लीन (पेट्रोल कमी) दाखवतो आणि तुम्ही उगाच पेट्रोल वाढवत बसता.

सध्या काही मागवू नका. तो दांडा हलवून बघा आणि काय दिसतं ते लिहा.