जुन्या पेट्रोल जीपला त्या काळातलेच स्पार्क प्लग कुठे मिळतील?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चोपड्याला आजोबांची सीजे-३बी पेट्रोल जीप उभी आहे आणि तिला तिच्या काळातलेच प्लग बसवायचेत. मिळतात, पण आधी माप बघा, कंपनी नंतर. तिच्या हरिकेन इंजिनला १४ एमएमचा प्लग लागतो आणि आट्यांची लांबी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ एमएम. अँबेसेडरचा चॅम्पियन कंपनीचा एन-५ पण १४ एमएमच, हाताने मस्त फिरत जातो, पण त्याचे आटे ३/४ इंच, बरोबर दुप्पट, टोक आत पिस्टन नाहीतर व्हॉल्व्हला लागायची भीती. दुकानदार सगळे सेमच असतात म्हणाला तरी काउंटरवर पट्टी लावून मोजाच.

नंबर चॅम्पियन जे-८ किंवा जे-८सी, गॅप, म्हणजे टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट, ०.०३० इंच. पण माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या जीपला मायकोचा प्लगही तितकाच ओरिजिनल आहे, बंगळूरची ही कंपनी १९५१ पासूनची, २००८ मध्ये नाव बदलून बॉश झालं, त्यामुळे मायको छापलेली डबी दिसली की माल बहुतेक त्याआधीचा समजायचा. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या जुन्या स्पेअरपार्टवाल्यांकडे वरच्या फळीवरचे खोके उघडायला लावा, नाहीच मिळालं तर मुंबईचा चोरबाजार.

जुना प्लग घेताना पांढऱ्या चिनी मातीवर टॉर्च मारून बघा, केसाएवढी चीर असली तरी सोडून द्या, स्पार्क तिथूनच पळतो आणि गाडी मिसिंग मारते. मीटर असेल तर वरचं टोक ते मधला इलेक्ट्रोड जवळपास शून्य ओहम दाखवायला पाहिजे, पाचेक हजार दाखवले तर तो आत रेझिस्टर (विद्युतरोधक) असलेला, म्हणजे बहुतेक नंतरच्या काळातला. टोक ते बॉडी काहीच दाखवायला नको.

अजून एक, आपल्याकडे ४५ डिग्री ऊन म्हणून मिस्त्री लोक थंड नंबरचा, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडणारा प्लग सुचवतात, ते ऐकू नका. प्लगचं टोक साफ राहायलाच साधारण ४५० डिग्री लागतात, तिथे बाहेरच्या उन्हाने काय फरक पडणार, उलट केळीच्या बागेत हळूहळू फिरणाऱ्या जीपचा थंड प्लग काजळी धरून काळा पडतो. आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की थंड, इथे फार लोक गोंधळतात.

रोजच्या वापराला एनजीके बी६एस लावा, नवा मिळतो, जुने डबीसकट प्रदर्शनासाठी ठेवा.