कंपाउंड वॉल किती उंच?

पावसाळा सरला की कंपाउंड वॉलची कामं निघतात आणि त्याच शंका पुन्हा येऊ लागतात. खालची उत्तरं राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीला धरून आहेत. मुंबईची नियमावली वेगळी आहे.

बंगल्यासमोरची भिंत किती उंच चालते?

भरीव असेल तर 1.5 मीटर. वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसेल असा ठेवला तर एकूण 2.4 मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते.

आतून मोजली तर भिंत पाच फुटांहून कमी भरते. तरी नोटीस का?

उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. भराव घालून अंगण उंच केलं असेल तर फरक तिथेच पडला. आर्किटेक्टकडून लेव्हल घेऊन मगच उत्तर द्या.

ठेकेदार म्हणतो, "ग्रिलला आतून पत्रा लावू, तो भिंतीत धरत नाहीत. आधी बांधा, नंतर नियमित करून देतो." चालेल?

नाही. पत्रा लावला की आरपार दिसणं संपलं, म्हणजे सवलतही संपली. आणि नियमित करणं ठेकेदाराच्या हातात नसतं. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली पाडण्याची नोटीस येते ती मालकाच्या नावावर. ठेकेदार तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. अशी हमी तो लिहून देतो का, एवढंच विचारून पाहा.

आमचा कॉर्नर प्लॉट आहे. येणारे-जाणारे घरात डोकावतात. दोन्ही बाजूंना सात फुटी भिंतीसाठी विशेष परवानगी मागू का?

कोपऱ्यावर मागू नका, ही माझी विनंती आहे. तिथे दोन्ही रस्त्यांकडे 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर ठेवायची आणि वर हवं तर 0.75 मीटर रेलिंग. लोकांना हा आकडा जाचक वाटतो. पण रस्त्यांची आखणी करताना मोटार चालवणाऱ्याची नजर जमिनीपासून 1.2 मीटरवर धरतात. भरीव भिंत त्याच्यावर गेली की वळणापलीकडून सायकलवर येणारं पोर त्याला दिसत नाही आणि पोरालाही गाडी दिसत नाही. ब्रेक दाबायला जे दोन क्षण मिळायचे, ते तुमच्या भिंतीने खाल्लेले असतात. त्या कोपऱ्यावरून तुमच्या घरातली मुलंही रोज ये-जा करतात. मेंदीचं दाट कुंपण वाढवलं तरी आडोसा तोच होतो, म्हणून तीही पळवाट नको. आडोसा घराजवळ करा: खिडकीसमोर वेलींची जाळी, व्हरांड्याला पडदा. कोपरा सोडून उरलेल्या लांबीत काय बसतं, ते आर्किटेक्टकडून नकाशावर आखून घ्या आणि तो नकाशा नगररचना विभागाला दाखवा.

शेजाऱ्याने स्टँपपेपरवर संमती दिली आहे. पुरेशी आहे ना?

नाही. संमतीने उंचीची मर्यादा बदलत नाही. हद्दीचा वाद मात्र टळू शकतो. त्यासाठी आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

जादा उंचीचा अर्ज देऊन तीन महिने झाले, उत्तर नाही. 60 दिवसांनंतर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं का?

अर्धवट खरं आहे. कलम 45 मधली ती तरतूद नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच लागू होते. तुम्ही मागताय तीच मुळी मर्यादेबाहेरची उंची, तेव्हा तिच्या भरवशावर पाया खणू नका. उशीर संतापजनक आहे, मान्य. अर्जाची पोच घेऊन लेखी स्मरणपत्र द्या आणि अपिलाचा विचार असेल तर वकिलाला आत्ताच भेटा, मुदती थांबत नाहीत.