केंड मासा साफ करून शिजवला तर चालतो का?

प्रश्न: परवा उथळ पाण्यात गळ टाकला होता तर करड्या रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके आणि पोटावर पट्टे असलेला मासा लागला, वर काढला तर टम्म फुगला. मी सोडून दिला. भाऊ म्हणतो उगाच सोडलास, आतलं सगळं काढून नीट उकळलं की विष जातं. खरंय का? आणि नुसता हात लागला तर काही होतं का?

उत्तर: सोडलात ते फार बरं केलंत. वर्णनावरून तो पांढऱ्या ठिपक्यांचा केंड वाटतोय, शास्त्रीय नाव अरोथ्रॉन हिस्पिडस, तांबड्या समुद्रापासून पार पनामापर्यंत प्रवाळाजवळ आणि खाड्यांमध्ये सापडतो. भावाला प्लीज सांगा की याचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, उकळून तळून वाळवून कशानेही जात नाही. यकृत आणि गाबोळीत सगळ्यात जास्त असतं पण आतड्यात, कातडीतही असतं, म्हणजे साफ करतानाच ते मांसाला लागू शकतं, आणि 1-2 मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी, माणसाला मारायला पुरतं.

"आम्ही खाल्लाय, काही झालं नाही" असंही कोणीतरी म्हणेलच. पण हे विष मुळात बॅक्टेरिया बनवतात आणि खाण्यातून माशाच्या अंगात साठत जातं, त्यामुळे एकात कमी, दुसऱ्यात भरपूर, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. 1774 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर अशाच एका माशाचं यकृत आणि गाबोळी नुसती चाखली होती, तर पहाटे हातपाय इतके बधिर की हलकं काय आणि जड काय तेही हाताला समजेना, आणि ज्या डुकराने आतडी खाल्ली ते सकाळी मेलेलं सापडलं.

सुरुवात होते ती ओठ-जिभेला मुंग्या येण्यापासून, बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासातच, मग उलट्या, हातपाय लुळे आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात, कारण विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद करतं आणि स्नायूंना इशाराच पोचत नाही. यातलं मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हे की हलता बोलता येत नसलं तरी माणूस बरेचदा पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. उतारा नाही. पण व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर विष हळूहळू निघून जातं आणि पहिले 24 तास काढले की सहसा माणूस वाचतो, म्हणून मुंग्या आल्या की वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, आणि वाटेत श्वास थांबला तर कृत्रिम श्वास देत राहा, तो गेला असं समजून सोडू नका.

हात लागल्याने विषबाधा होत नाही, हात धुतले की झालं. बोटं मात्र तोंडापासून लांब, दातांची चोच शिंपले फोडणारी असते. आणि परत लागला तर फुगवायला म्हणून बाहेर धरून ठेवू नका, एरवी तो पाणी गिळून फुगतो, बाहेर हवा गिळली तर ती त्याला पटकन सोडता येत नाही, म्हणून गळ पाण्यातच सोडवा.