कॅरॅव्हॅनचा विमा बंद करून ट्रॅकर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही पती-पत्नींनी दोन वर्षांपूर्वी गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेतलं. निम्मे पैसे बचतीतले, निम्मे कर्जाचे. वर्षातले बरेच महिने ती घराशेजारी नुसती उभी असते. विम्याचा हप्ता फुकट जातोय असं वाटतं. तो बंद करून त्या पैशांत ट्रॅकर आणि दणकट कुलपं घ्यावीत, की भाड्याची बंदिस्त जागा बघावी? की विम्याची रक्कम 60 टक्क्यांवर आणून हप्ता कमी करावा?

उत्तर: विमा बंद करू नका, आणि 60 टक्क्यांवरही आणू नका.

तुम्ही कळवलेल्या रकमा कॅरॅव्हॅनची आजची किंमत 100 धरून मांडल्या, तर हिशेब असा दिसतो. विमा वर्षाला 2. कुलपं एकदाच 1.5. ट्रॅकर बसवायला 2 आणि मग दरवर्षी 0.5. बंदिस्त जागेचं भाडं वर्षाला 4. कर्ज अजून 40 बाकी. हा शेवटचा आकडा तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलाय, पण निर्णय त्याच्यावरच ठरतो. विमा बंद केला तर कुलपं आणि ट्रॅकर यांतच पहिल्या दोन वर्षांची बचत संपते. त्यानंतर कॅरॅव्हॅन चोरीला गेली तर ती तर नाहीच, वर तिच्या कर्जाचे हप्ते मात्र चालू. एवढा फटका तुमची बचत झेलू शकणार नाही, म्हणून तो विमा कंपनीच्या गळ्यात घालायचा. ओढणाऱ्या गाडीचा विमा आहेच की, असं समजू नका. त्यात बहुधा कॅरॅव्हॅनमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान धरलेलं असतं, खुद्द कॅरॅव्हॅनची चोरी नव्हे.

आता कुलपं. पैशाच्या बाजूने बघितलं तर कुलूप चोराइतकंच दावा नाकारणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतं. कॅरॅव्हॅनच्या पॉलिसीत बहुतेक वेळा अट असते: गाडीपासून सोडवून ठेवली की हिच लॉक, म्हणजे गाडीला जोडायच्या भागावरचं कुलूप, हवं, चाकाला व्हील लॉक हवं, काही ठिकाणी ठरावीक मानांकनाचंच हवं. म्हणून आधी पॉलिसी वाचा, मग दुकानात जा. हिच लॉक बसवायला सोपं, पण एकट्याचा भरवसा नको. कापता येतं, किंवा कॅरॅव्हॅन सरळ ट्रकवर चढवून नेता येते. खरा अडथळा चाकातून आरपार जाऊन चासीवरच्या, म्हणजे खालच्या सांगाड्यावरच्या, खोबणीत बसणाऱ्या लॉकचा. मात्र ते बसवायला चाकातली फट आणि मागची खोबणी एका रेषेत यावी लागते. त्यासाठी कॅरॅव्हॅन वीतभर पुढे, मग बोटभर मागे असं करावं लागतं, तेही कधी पावसात, दिवसभराच्या प्रवासानंतर. मग ‘आजची रात्र राहू दे’ म्हणत लॉक आतल्याच कपाटात राहतं, आणि चोराला कॅरॅव्हॅनबरोबर तेही मिळतं. अशा दाव्यात कंपनीला फार डोकं चालवावं लागत नाही. दोघांपैकी कोणालाही पाच-दहा मिनिटांत बसवता येईल असंच लॉक घ्या, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल. पावती, किल्ल्या आणि लॉक बसवलेल्या अवस्थेतला फोटो जपून ठेवा. फोटो कॅरॅव्हॅनमध्ये ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

ट्रॅकरवर हप्त्यात 10 टक्के सूट मिळते असं तुम्ही लिहिलंय. 2 चे 10 टक्के म्हणजे 0.2, आणि त्याची वर्गणी 0.5. म्हणजे सवलतीसाठी ट्रॅकर घेणं तोट्याचंच. शिवाय ट्रॅकर चोरी थांबवत नाही, झाल्यावर माग काढतो. महिनोन्‌महिने उभ्या कॅरॅव्हॅनची बॅटरी उतरली आणि ट्रॅकरची स्वतःची बॅटरीही संपली की तेही नाही. कॅरॅव्हॅन पत्र्याच्या गोदामात किंवा कंटेनरमध्ये लपवली तर जीपीएस आंधळं होतं. रेडिओलहरींवर माग काढणारे ट्रॅकर तिथे उजवे ठरतात. कंपनीची अट असेल तर प्रश्नच नाही, घ्यावाच लागेल. नसेल तर कर्ज निम्म्यावर येईपर्यंत थांबा.

भाड्याची जागा तुमच्यासाठी नको. विम्याच्या दुप्पट पैसे दरवर्षी जातील आणि विमा तरीही लागेलच. घराशेजारची जागा रस्त्याला उघडी असेल तर जमिनीत रोवायचा, कुलूप लागणारा खांब बसवा, खर्च एकदाच.

विम्याची रक्कम 60 वर आणण्याबद्दल. पॉलिसीत प्रमाणशीर भरपाईचं कलम असेल, तर 10 चं नुकसान झाल्यावर हातात 6 पडतील. हप्ता कमी करायचाच असेल तर स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे एक्सेस, वाढवून घ्या आणि तेवढे पैसे आपत्कालीन निधीत वेगळे ठेवा. भरपाई ठरलेल्या रकमेने मिळणार की चोरीच्या दिवशीच्या बाजारभावाने, हेही विचारा. बाजारभावाने असेल तर कर्ज फेडून हातात काय उरेल ते आजच्या आज कागदावर मांडा. तंबू, सायकली, आतलं सामान सहसा वेगळं धरतात.

चोरांना कॅरॅव्हॅन का आवडते, तर काही देशांत तिला स्वतःची नंबरप्लेटच नसते. ब्रिटनमध्ये तिच्यावर ओढणाऱ्या गाडीचाच नंबर लावतात. चोराने स्वतःच्या गाडीची प्लेट लावली की झालं. म्हणून तिथे 1992 पासून ‘क्रिस’ नावाची नोंदणी आहे आणि तिचा 17 अंकाक्षरांचा क्रमांक काचांवर कोरलेला असतो. तुमच्या कॅरॅव्हॅनचा चासी क्रमांक लिहून घ्या, काचेवर क्रमांक असेल तर त्याच्याशी पडताळा आणि छतावरही मोठ्या आकड्यांत रंगवून घ्या; खर्च नगण्य आहे.

नूतनीकरणाच्या आधी विमा कंपनीला ईमेल करा: कोणती कुलपं, घरी आणि मुक्कामी कोणत्या अटी, ट्रॅकर सक्तीचा की ऐच्छिक. उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं चालणार नाही. आणि पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव नोंदलंय का तेही बघा. ते असेल तर भरपाईतून आधी त्यांचे 40 वळते होतील आणि उरलेले तुमच्या खात्यात येतील.