स्टेम सेलपासूनच्या हृदयपेशींवर औषध तपासताना : ठोके वाढले ते औषधाने की प्लेटच्या कडेमुळे?

तुम्ही विचारलंय : फोंड्यात एम. फार्म.च्या प्रबंधासाठी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या गोठवलेल्या हृदयपेशी ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये लावल्या. पहिल्या स्तंभात तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून) नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्राव, पुढे औषध. औषधाच्या वेलमध्ये ठोके जलद दिसतात, तर तो औषधाचाच परिणाम मानायचा का?

इतक्यात नको. पहिला स्तंभ म्हणजे प्लेटची कड. तिथलं माध्यम आधी आटतं, क्षार दाट होतात आणि ठोके बदलतात. कडेच्या ३६ वेलमध्ये पेशी न घालता निर्जंतुक पीबीएस (पेशींना चालणारं क्षारांचं पाणी) भरा. कंट्रोल उरलेल्या ६० वेलमध्ये विखरून ठेवा. आपल्याकडे जुलैत बाहेर हवा कितीही दमट असो, इन्क्युबेटरमधलं पाण्याचं तबक रिकामं पडलं की प्लेट आटणारच. वीज जाते म्हणून इन्क्युबेटरला यूपीएस हवाच.

चूक होण्याची दुसरी जागा पेशी लावण्याची. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि बर्फाचा बारीक खडा उरला असतानाच बाहेर काढा. मग पहिला १ मिली माध्यम थेंबाथेंबाने, मिनिटभर तरी घेऊन घाला. एकदम ओतलं तर गोठवताना आत शिरलेल्या डीएमएसओमुळे पेशी पाणी ओढतात, फुगतात आणि फुटतात. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या रंगाने) जिवंत पेशी मोजूनच लावा. लावल्यावर प्लेट १५-२० मिनिटं बाहेर सपाट जागी राहू द्या. लगेच इन्क्युबेटरमध्ये सारली की गरम होताना माध्यमात प्रवाह होतात आणि पेशी एका बाजूला जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली वेलच्या काठाशी चंद्रकोरीसारखी दाट पट्टी आणि मध्ये मोकळी जागा दिसली तर ती वेल मोजू नका. पेशी एकमेकींना चिकटल्याशिवाय ठोके एकसाथ पडत नाहीत.

मोजताना प्लेट थंड झाली की वेग उतरतो, म्हणून ३७ अंशांच्या स्टेजवर ती स्थिरावू द्या. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं, ०.१ टक्क्याच्या आत.

प्रत्येक प्लेटवर डोफेटिलाइड (ठोका लांबवणारं ओळखीचं औषध) हवंच. त्याने एकेका ठोक्याला लागणारा वेळ लांबला नाही तर त्या प्लेटवरचे बाकी आकडे धरू नका. वेरापामिलही ठेवा. ते हर्ग वाहिनी (पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट) अडवतं, म्हणून नुसत्या हर्ग चाचणीत धोकादायक वाटतं. पण ते कॅल्शियमची वाहिनीही अडवतं, आणि हा तोल अख्ख्या पेशीतच दिसतो. या पेशींचं खरं मोल मला इथे वाटतं. मात्र त्या गर्भातल्या पेशींसारख्या अपरिपक्व असतात, त्यामुळे आकुंचनाचा जोर वाढवणाऱ्या औषधाबद्दल त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता नव्या प्लेटवर आधी साठही वेलमध्ये फक्त डीएमएसओ घालून वाचन घ्या. आकडे जागेनुसार सरकत असतील तर औषधाची कुपी उघडूच नका.