मराठी माध्यमातून शिकलोय, जळगावला राहतो. इंग्रजी वाक्यरचना कुठून सुरू करू?

शब्दांच्या क्रमापासून. काळांचे तक्ते नंतर.

मराठीत काय, अहिराणीत काय, क्रियापद शेवटी येतं. शिवाय प्रत्यय असल्यामुळे शब्द हलवले तरी चालतं: 'बिबट्याने शेळीला मारलं' किंवा 'शेळीला बिबट्याने मारलं', अर्थ तोच. इंग्रजीत 'द लेपर्ड किल्ड द गोट' उलटं केलंत तर शेळीच बिबट्याला मारते! तिथे नामाला असे प्रत्यय नाहीत, म्हणून कोणी मारलं ते जागेवरूनच कळतं. क्रम असा: कोण, काय करतो, कशाला, कुठे, कधी. 'माय ब्रदर सेल्स बनानाज इन रावेर एव्हरी मंडे.' मनातलं मराठी वाक्य आधी या क्रमात बसवा, मग बोला.

प्रश्न विचारताना मात्र 'डू' किंवा 'डज' पुढे येतं: 'डज युवर ब्रदर सेल बनानाज?' 'सेल्स'चा 'स' गेला, कारण ते काम आता 'डज' करतंय. ही चूक फार जणांची होते, इथे नीट थांबा. 'इज', 'आर', 'कॅन' असेल तर 'डू' लागत नाही, तोच शब्द पुढे आणायचा: 'इज ही ॲट होम?'

रोज घरातल्या, शेतातल्या कामांवर पाच वाक्यं लिहा आणि मोठ्याने वाचा.