चित्र काढताना मधेच ‘आपल्याला हे जमत नाही’ असं वाटतं. हा संशय कसा घालवावा?

‘पाच वर्षं जलरंगात काम करतेय, तरी प्रत्येक चित्राच्या मध्यावर हात गळतात’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं मी सांगणार नाही. त्यानं माझं एकही चित्र सुधारलं नाही.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना मला ए ग्रेड होती. त्या जोरावर बारावीनंतर एका सरांकडे जायला लागले. एका रविवारी आम्ही सगळे पुण्यात विश्रामबागवाड्यासमोर चित्र काढत बसलो होतो. सरांनी माझा बोर्ड उचलून सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, “हात चांगला आहे, पण हे अंगात असावं लागतं. ते नाहीये.” घरी आई म्हणाली, एवढे मोठे सर, उगाच कशाला बोलतील? पुढची ११ वर्षं मी ब्रशला हात लावला नाही.

परत बसले ती मंडईत, सकाळी सकाळी. १८८६ सालची ती दगडी इमारत, मधला मनोरा आणि बाहेर पालेभाजीवाल्या. तिसऱ्या रविवारी समोरच्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता उठून आल्या. चित्र बघून म्हणाल्या, “ताई, सावली चुकली. नऊपर्यंत या अंगाला ऊन नसतंय. पाला सुकतो म्हणून दहाला मी गोणपाट तिकडं सरकवते, मला ठाव नाही व्हय?”

पुढच्या रविवारी नवा कागद घेतला, सावली त्यांनी दाखवली तिथं घातली, आणि मंडई उभी राहिली.

मग सरांना काय खटकलं असेल ते मला कळलं. माझी चित्रं तेव्हा खरंच फिकी होती. जलरंग वाळला की उतरतो. ओला रंग गडद दिसायचा, म्हणून मी घाबरून पाणी वाढवायची आणि वाळल्यावर सगळं पांढुरकं व्हायचं. ते झाकायला अर्धवट ओल्या वॉशमध्ये, म्हणजे रंगाच्या पातळ थरात, पुन्हा ब्रश घातला की डाग फुटायचे, रंग मळायचा. पावसाळ्यात तर कागद लवकर वाळतच नाही, तेव्हा हे हमखास. भीती कागदावर उतरते ती अशी.

तेव्हा हात गळाले की ब्रश खाली ठेवा. कागद पूर्ण वाळू द्या. मग नेमकी कुठली चार बोटं जागा फसलीय ते शोधा: सावली चुकली, रंग पातळ पडला, की पांढऱ्या जागी कागद कोरा राखायचा राहिला? अर्धं चित्र घरच्यांना दाखवू नका. कुणी शेरा मारला तर विचारा, “नेमकं कुठं?” बोट ठेवता आलं नाही, तर तो शेरा तिथंच सोडा.

‘अंगात असावं लागतं’ म्हणणारे आजही भेटतात आणि मला आजही राग येतो. शिकवणाऱ्यानं हे बोलूच नये. ‘रंग वाळल्यावर उतरतो, पाणी कमी घे’ एवढं सांगायला त्या दिवशी किती वेळ लागला असता?

दोन गोष्टी राहिल्या. रोज एक चित्र काढा असं काही जण सांगतील. मला रविवार पुरतो, आणि वासुदेव गायतोंडेंसारखे चित्रकारही वर्षाला मोजकेच कॅनव्हास करायचे. दुसरं, झोप-जेवण सुटण्याइतकं मन खात असेल तर ते चित्रापुरतं नाही, डॉक्टरांना भेटा.

माझा संशय गेलेला नाही. मागच्या वर्षी बालगंधर्वच्या कलादालनात मंडईचं चित्र टांगतानाही वाटलं, काढून घ्यावं. मावशींना मोबाइलवर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, “सावली आता बरोबर. पण मिरच्या एवढ्या काळ्या कशापायी?” त्या मिरच्या मी सध्या परत करतेय.